आणि त्याच्या आधी?

सत्यनारायण असो की वास्तुशांत, संकल्प सांगितला जात असताना यजमानाचं सगळं लक्ष पळीतल्या पाण्याकडे असतं. पाणी कधी सोडायचं, ते चुकायला नको. त्या मिनिटभरात गुरुजी त्याच्या नावाने काळातला संपूर्ण पत्ता वाचून मोकळे होतात: ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग आणि सगळ्यात शेवटी आजची तिथी. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, रात्रही तेवढीच, आणि अशी त्याची शंभर वर्षं. मग तोही जातो आणि दुसरा येतो. पुराणकारांनी आकडे इतक्या सढळ हाताने उधळले, पण पहिल्या ब्रह्मदेवाची जन्मतारीख काही दिली नाही. मला ही हुशारी वाटते, आणि थोडी पळवाटही.

त्यांच्याहून कितीतरी जुनं नासदीय सूक्त मात्र जास्त धीट आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या या सात ऋचा, आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या कानावर १९८८ साली दूरदर्शनच्या ‘भारत एक खोज’मुळे पडलेल्या. असणं नव्हतं आणि नसणंही नव्हतं, इथून सुरुवात करून तो ऋषी शेवटी वर बसून सगळं पाहणाऱ्यालाही हे ठाऊक आहे की नाही, अशी शंका घेतो. पूजेत ती शंका आपण आणत नाही. तिथे पत्ता खात्रीचा लागतो.

सृष्टीच्या आधी देव काय करत होता, असं सेंट ऑगस्टिनच्या काळातही लोक विचारत. असले प्रश्न विचारणाऱ्यांसाठी नरक तयार करत होता, असं एक टोमणेवजा उत्तर तेव्हा प्रचलित होतं. ऑगस्टिनने इसवी सन ४००च्या सुमारास लिहिलेल्या आत्मकथनात ते नोंदवलं आणि नाकारलं. त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की काळ सृष्टीबरोबरच निर्माण झाला, तेव्हा ‘आधी’ नव्हतंच. सोळाशे वर्षांनी स्टीफन हॉकिंग जवळपास तेच सांगत होते. त्यांनी आणि जेम्स हार्टल यांनी १९८३मध्ये मांडलेल्या गणितात मागे जाता जाता काळाचं काळपण विरघळत जातं आणि विश्वाला सुरुवातीची कडाच उरत नाही. दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय, असं विचारण्यात जसा अर्थ नाही तसंच हे, असं हॉकिंग म्हणत. उत्तर चोख आहे. पण ज्याला प्रश्न पडलाय त्याची तहान त्याने भागत नाही, एवढंच.

शून्यातून विश्व, असं सांगणाऱ्यांकडे तर मी जास्तच बारकाईने पाहतो. अलेक्झांडर विलेन्किन यांनी १९८२मध्ये दाखवलं की अवकाश नाही, काळ नाही, द्रव्य नाही अशा स्थितीतूनही क्वांटम नियमांनुसार एक इवलंसं विश्व उगवू शकतं. गणित सुरेख आहे. पण नियम तेवढे आहेतच की! घर पाडलं, भांडीकुंडी विकली, माणसं गेली, तरी सातबारा तलाठ्याकडे शाबूत, त्यातला हा प्रकार. तो सातबारा कुठे ठेवला होता, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

या आरंभबिंदूशी सगळ्यात लांबलेलं भांडण मांडलं ते कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाने. जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉयल यांचे विद्यार्थी. बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी १९४८मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला होता. विश्व पसरतं, पण विरळ होत नाही, कारण वाढत्या जागेत नवं द्रव्य अगदी थोडं थोडं निर्माण होत राहतं. मग सुरुवात नाही, आणि सुरुवातीच्या आधीचा पेचही नाही. विरोधी कल्पनेला ‘बिग बँग’ हे नाव दिलं तेही हॉयल यांनीच, १९४९च्या बीबीसीवरच्या भाषणात. काही नसताना द्रव्य येतं कुठून, असं लोक त्यांना छेडत. त्यांचा प्रतिप्रश्न असे, की तुमच्याकडे तर सगळंच्या सगळं द्रव्य एका क्षणात येतं, ते कसं चालतं? याला धड उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. नारळीकरांनी गुरूंबरोबर १९६०च्या दशकात या निर्मितीचा ऊर्जेचा हिशेबही जुळवून दाखवला, त्यासाठी ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र कल्पून.

आकाशाने मात्र त्यांना साथ दिली नाही. न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या अँटेनात पेन्झियस आणि विल्सन यांना एक हटवादी खरखर ऐकू येत होती. कबुतरं हाकलली, त्यांची घाण साफ केली, तरी ती जाईना. १९६५मध्ये ती प्रसिद्ध झाली: निरपेक्ष शून्याच्या वर तीनेक अंश तापमानाचं, सगळ्या दिशांनी सारखं येणारं प्रारण. विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला हा प्रकाश, असा त्याचा अर्थ लागला आणि स्थिर स्थितीचा पक्ष जवळजवळ ओस पडला. हॉयल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३मध्ये सुधारित मांडणी केली. तिच्यात लोखंडाचे सूक्ष्म तंतू ताऱ्यांचा प्रकाश शोषून तेच प्रारण तयार करतात. बहुतेकांना हे पटलं नाही. मलाही पटत नाही. इतकं एकसारखं काम तंतूंकडून होईल असं वाटत नाही. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत विश्वाची गोष्ट पोहोचली ती नारळीकरांच्या मराठीतून, म्हणजे बहुमताबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून, हे मला आपलं भाग्य वाटतं. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आपली शंका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नव्हती.

दुसरा माणूस धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा. अभय अष्टेकरांची तक्रार वेगळी. महास्फोट झालाच, १,३८० कोटी वर्षांचा हिशेबही बरोबर, पण त्या क्षणी समीकरणात जो अनंत येतो तो विश्वाचा जन्म नव्हे, तिथे आइन्स्टाइनचा सिद्धांत थकतो एवढाच त्याचा अर्थ. १९८६मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली. त्यातून वाढलेल्या शाखेत अवकाशालाच सर्वांत लहान कण असतो, त्याहून बारीक तुकडा होत नाही. मार्टिन बोजोवाल्ड यांनी या वाटेवर आधी पाऊल टाकलं होतं. २००६मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी गणकावर विश्व मागे मागे चालवून पाहिलं. घनता एका घन सेंटीमीटरला ग्रॅममध्ये मोजली तर एकावर त्र्याण्णव शून्यांच्या घरात गेली आणि तिथे थांबली. गुरुत्वाकर्षण जणू उलटं ढकलू लागलं. पलीकडे एक दुसरं, आकुंचन पावणारं विश्व होतं, आणि आपलं विश्व म्हणजे त्याचीच उसळी.

मला हे उत्तर आवडतं, आणि ते का आवडतं याचा मला संशय येतो. साखळी तुटत नाही हे लहानपणापासून पूजेत कानावर पडलेल्या माणसाला ते रुचणारच. शिवाय त्या पलीकडच्या विश्वाच्या आधी काय, हा प्रश्न एक घर मागे सरकून तिथेच बसलेला असतो. आणि बोजोवाल्ड यांनी २००७मध्ये भलताच खोडा घातला. उसळीतून येताना विश्व आपला बराचसा भूतकाळ विसरतं, असं त्यांचं गणित सांगतं. इतर अभ्यासकांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला. वाद मिटलेला नाही.

खूण उरलीच असेल तर ती त्या जुन्या प्रारणातल्या सर्वांत मोठ्या नक्षीत, अर्ध्या आकाशाएवढ्या ठिपक्यांत असावी. तिथे नेहमीच्या हिशेबाला थोड्या विसंगती दिसतात, आणि उसळी मानली तर त्या सौम्य होतात, असं अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये लिहिलं. अडचण अशी की एवढ्या मोठ्या ठिपक्यांना आकाशात जागाच थोडी, म्हणून ते मोजकेच. विसंगती खरी की योगायोग, हे ठरवायला पुरेसे नमुने नाहीत. तापमान प्लांक उपग्रहाने जितकं मोजता येतं तितकं मोजून झालंय. मोठी दुर्बीण लावली तरी ठिपके वाढणार नाहीत. राहतं त्या प्रकाशाचं ध्रुवीकरण. ते मोजण्यासाठी जपानच्या पुढाकाराने लाइटबर्ड नावाचा उपग्रह आखला जातोय, २०३०च्या दशकात तो सोडायचा बेत आहे. असे बेत लांबतात. तब्येत सांभाळायला हवी.