सुरम्याची सळई आणि स्नॅपड्रॅगन

स्नॅपड्रॅगनचं बी पहिल्यांदा बघणाऱ्याला पाकिटात नुसती धूळ आहे असंच वाटतं. खसखससुद्धा त्याच्यापुढे मोठी. एका ग्रॅममध्ये सुमारे 6 हजार बिया मावतात. गेली सहा वर्षं मी सोलापुरात, घराच्या अंगणात, दर हिवाळ्याला हे फूल बियांपासून वाढवतो. तयार रोपं नर्सरीत मिळतात, पण बी पेरून वाट बघण्याची गंमत त्यात नाही.

या फुलाला थंडी आवडते. मूळ भूमध्य समुद्राच्या काठचं ते, आमच्या सोलापूरच्या उन्हाशी त्याचं जमत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर, घरातल्या सर्वांत गार खोलीत, खिडकीपाशी ट्रे मांडायचा. कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत ओलं करून भरायचं. बी चिमूटभर बारीक वाळूत मिसळायचं, म्हणजे ते एका जागी पडत नाही. वर माती मात्र लोटायची नाही, कारण या बियांना रुजायला उजेड लागतो. तळहाताने हलकेच दाबलं की झालं. पाणी वरून ओतलं तर बी वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यायची. वर पातळ प्लास्टिक. आठ ते चौदा दिवसांत हिरवे ठिपके दिसू लागतात.

मागच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अब्बा गेले. अम्मी इद्दतीत बसली. ज्या वाचकांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो: नवरा वारल्यावर बाई चांद्रमासाने चार महिने दहा दिवस घरीच राहते. गरजेशिवाय बाहेर पडत नाही, दागिने नाहीत, रंगीत कपडे नाहीत, अत्तर नाही, डोळ्यांत सुरमा नाही. पहिल्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मग एकेक जण आपापल्या गावी परतला, मी शाळेत जाऊ लागलो, आणि अम्मीपाशी रिकामे दिवस उरले. 48 वर्षं ती सकाळी सहाला एकाच माणसाचा चहा ठेवत आली होती. आता सहाला उठून ती नुसती स्वयंपाकघरात उभी राहायची.

त्या वर्षी पेरणी करायची माझी इच्छा नव्हती. पाकीट सप्टेंबरातच आणून ठेवलं होतं, ते अम्मीच्या हाती लागलं. तिने कागदावर थोडं बी ओतून बघितलं आणि म्हणाली, "ये बीज है कि सुरमा?" अब्बा गेल्यानंतर तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. त्याच संध्याकाळी ट्रे मांडला.

कोंब आले आणि आठवडाभरात त्यातला एक कोपरा आडवा झाला. या कोवळ्या रोपांना बुरशी लागते, देठ मातीलगत काळा पडतो आणि रोप कोलमडतं. अशा वेळी आडवी झालेली रोपं तेवढ्या मातीसकट काढून टाकायची, प्लास्टिक हटवायचं, वारा खेळू द्यायचा. मी काढली. अम्मी बघत होती, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ट्रेजवळ स्टूल टाकून ती बसू लागली.

खरी पाच-सहा पानं फुटली की रोपं वेगळी करायची. देठ दोऱ्याएवढा, बोटात धरला तर चिरडतो. मी टूथपिक वापरतो. अम्मीने कपाटातून सुरमेदाणी काढली. सुरमा लावायचा नव्हताच, सळई रिकामी होती. टोकाला गोल, गुळगुळीत. मुळाला इजा न होता रोप तिच्यावर अलगद उचललं जायचं. एका दुपारी तिने 40 रोपं एकेका कपात लावली.

रोप चार इंच झालं की शेंडा खुडतात, म्हणजे बाजूने फांद्या फुटून तुरे जास्त येतात. अम्मीला हे पटेना. वाढत्या जिवाचा शेंडा का मोडायचा? शेवटी अर्धी तिची, अर्धी माझी अशी वाटणी झाली. तिच्या न खुडलेल्या रोपांना एकेकच उंच तुरा आला, पण जानेवारीअखेर, माझ्यापेक्षा दोन आठवडे आधी. माझ्या रोपांवर पाच-सहा तुरे आले, पण फेब्रुवारीत. दोघांचंही बरोबर ठरलं.

फुलाचे दोन ओठ घट्ट मिटलेले असतात. लहान माशीला ते उघडत नाहीत. काळा भुंगा बसला की त्याच्या वजनाने खालचा ओठ झुकतो, तो आत शिरतो, पाठीला पराग लागतात. दोन्ही बाजूंनी दाबलं की तोंड उघडतं, म्हणूनच आपल्याकडे याला 'डॉग फ्लॉवर' म्हणतात. जर्मन लोकांना त्यात सिंहाचं तोंड दिसलं, फ्रेंचांना लांडग्याचं, जपान्यांना गोल्डफिश. फारसीत हे 'गुल-ए-मैमून', माकडाचं फूल. पण तोच 'मैमून' अरबीत म्हणजे भाग्यवान, मुबारक. एक शब्द, दोन भाषा, इतकं अंतर! दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? वर्गात सांगितलं तेव्हा मुलं आठवडाभर एकमेकांना 'मैमून' म्हणत होती, अर्थ विचारला की अरबीतला सांगायची.

गुलाबी-पिवळे तुरे गल्लीतून दिसू लागले तेव्हा शेजारच्या एक खाला येऊन अम्मीला म्हणाल्या, "इद्दत में फूलों का शौक?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण अम्मीने हाताने थांबवलं. म्हणाली, "मैं पहनी थोडी? पानी दी।" खाला थोडा वेळ बसल्या, चहा प्यायल्या. शरियतच्या बारकाव्यांवर मी कितीही बोललो असतो, तरी याच्यापुढे गेलो नसतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर इद्दत संपली. अम्मी आधी बँकेत गेली, फॅमिली पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला. रडणं त्यानंतरही आहे, सहा वाजता स्वयंपाकघरात उभं राहणंही आहे. झाडांनी दुःख कमी होतं असं मी म्हणणार नाही. एवढंच बघितलं की पाणी घालायला कुणीतरी उठावं लागतं, आणि ती उठत होती.

मार्चच्या उन्हात झाडं वाळली. याच्या बोंडांना वाळल्यावर तीन भोकं पडतात आणि ती हुबेहूब छोट्या कवट्या दिसतात. अम्मी घाबरेल असं वाटलं होतं. तिने एक उलटी करून तळहातावर झटकली. भोकांतून काळी धूळ पडली. "देख, भरेली है," म्हणाली, आणि कागदाची पुडी मागितली.