वकीलबाई

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. वकीलबाईंच्या ऑफिसला लिफ्ट होती, म्हणून अस्मादिक गेले.

२०२५च्या मार्चमधली गोष्ट. न्यू जर्सीत, एडिसनला मेव्हण्याकडे गेलो होतो. (मार्चअखेरीला बँकेत मरायला सवड नसते, तरी साहेबांनी रजा इतक्या झटकन मंजूर केली की मी दोन दिवस खिन्न होतो.) मेव्हण्याची दहा-बारा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. त्यात साताऱ्याकडचा एक पोरगा. तिथेच एम. एस. झालेला. शिक्षणानंतर मिळालेली कामाची परवानगी जूनमध्ये संपणार. एच-वन-बी मिळाला तर ठीक, नाही तर शिक्षणाचं कर्ज डोक्यावर घेऊन घरी. कर्ज आमच्यासारख्याच एका बँकेचं, त्यामुळे माझा जीव दोन्ही बाजूंनी टांगणीला!

"दाजी, तुम्ही पण चला. तुम्हाला फॉर्मांची सवय आहे," मेव्हणा म्हणाला.

वकीलबाईंनी हिशेब मांडला. वर्षाला ६५,००० जागा, शिवाय तिथल्या पदव्युत्तरांसाठी २०,०००. मागणारे कितीतरी जास्त, म्हणून सोडत. नाव घालायचे २१५ डॉलर.

"सोडतीत तुम्ही काय करणार?"

"काहीच नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझं काम नंबर लागल्यावर. मुलगा काय काम करतो?"

मेव्हण्याची छाती फुगली. "सगळं! प्रोग्रॅम लिहितो, गिऱ्हाइकं सांभाळतो, प्रिंटर दुरुस्त करतो, कॉफीसुद्धा फक्कड करतो!"

आपल्याकडे ही शाबासकी. बाईंनी पेन खाली ठेवलं. ज्याला ठराविक विषयातली पदवी लागतेच, असं काम दाखवावं लागतं. कॉफीला पदवी लागत नाही. मग तासभर खपून त्यांनी मेव्हण्याच्या कौतुकातून पोराचं खरं काम वेगळं काढलं, तांदळातून खडे काढावेत तसं.

पुढे कागद. मार्कलिस्टवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, एका दाखल्यावर वडिलांचं नाव गायब. एक पोरगा, पण कागदोपत्री तीन. इथे मी सरसावलो. सही जुळत नाही म्हणून वीस वर्षं लोकांचे चेक परत केलेत, ते काय उगाच? बाई आणि मी कागद एकमेकांकडे सरकवत राहिलो. माझ्या इंग्रजीची अडचण आली नाही.

फीचा आकडा ऐकून मेव्हणा मराठीत पुटपुटला, "पोराच्या पगारातून हप्त्याने कापू." बाईंना मराठी येत नव्हतं, पण मालकांचे चेहरे वाचता येत होते. "हा खर्च मालकाचा," त्या म्हणाल्या.

महिना संपता संपता नंबर लागला. आता कामगार खात्याला लिहून द्यायचं की, त्या भागातल्या दरापेक्षा कमी पगार देणार नाही. आणि पगाराच्या आकड्यासकट नोटीस कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावायची. दर पोराच्या पगारापेक्षा चांगलाच वर निघाला. मेव्हण्याने एक नोटीस झाडूच्या कपाटात लावून पाहिली. बाईंनी फोटो मागवला.

शेवटी एक दाराशी लागली, दुसरी मायक्रोवेव्हच्या वर. त्या दिवशी अख्ख्या कंपनीला सकाळी अकरालाच डबे गरम करायचे होते. मेव्हणा केबिनचं दार लावून बसला.

पोरगा सगळ्यांच्या शेवटी आला. आकड्यावर बोट ठेवून दोनदा वाचला. मग हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, हप्ता वाढवला तर कर्ज किती वर्षांत फिटेल हो?"

मी खिशातलं पेन काढलं.