बघू म्हटले

आमची मोटार सहा वर्षांची आहे आणि तीर्थरूप ऐंशीचे. दोघांच्याही प्रकृतीची काळजी माझ्याकडे असल्यामुळे दोघेही मला जुमानत नाहीत, हे ओघानेच आले.

बाबांच्या छातीत नऊ वर्षांपूर्वी पेसमेकर बसविला. काडेपेटीहूनही लहान यंत्र, आत लिथियमची बॅटरी. यंदाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "ती संपत आली आहे, काही महिन्यांत यंत्र बदलून घ्या." बाबांनी साफ नकार दिला. "या वयात पुन्हा सुरी नको." मी मराठीचा प्राध्यापक. पदरी दृष्टान्त उदंड, पण एकही लागू पडेना. शेवटी त्यांनीच अट घातली, "एकदा आलापल्लीचे साग दाखव, मग बोलू." जंगलखात्यातली त्यांची उमेदीची वर्षे तिकडे गेली होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही चंद्रपूर सोडले. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी मागे पडली. दिवस कलताना बाबांनी गाडी थांबवायला लावली. साग निष्पर्ण उभे होते. खाली पाचोळ्याचा खच. बाबा एकेका झाडाकडे वर्गातल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाहावे तसे पाहत होते. मी इंजिन बंद करून, दिवे आणि पंखा मात्र चालू ठेवून, पुत्रकर्तव्याच्या समाधानात बसून राहिलो.

निघताना बटण दाबले. टक्, टक्, टक्. आणि समोरच्या फळीवर दिवाळी! ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, सगळे दिवे एकदम पेटले. गाडीला एकाच क्षणी सर्व रोग जडावेत कसे? पुढे कळले की रोग एकच होता. आजच्या मोटारीत ठिकठिकाणी छोटे संगणक असतात आणि प्रत्येकाला स्थिर दाबाची वीज लागते. थकलेल्या बॅटरीवर स्टार्टरचा भार पडला की बारा व्होल्टचे दहाच्याही खाली येतात, आणि जो तो आपापल्या नावाने ओरडू लागतो.

"हँडल मार," बाबा म्हणाले. ते नोकरीला लागले तेव्हा खात्याचा ट्रक तसा सुरू होई. हल्ली हँडलच नसते. आणि आमच्या गाडीचे गिअर स्वयंचलित, म्हणजे ढकलण्याचीही सोय नाही. मोबाईलला रेंज नाही. ज्या जिल्ह्यातले औष्णिक केंद्र २,९०० मेगावॅटहून अधिक विजेच्या क्षमतेचे, तिथला मी रहिवासी जंगलात चिमूटभर विजेवाचून बसलो होतो. पाचोळा वाजला की वाघच आठवे.

अर्ध्या तासाने एस.टी. आली. मी वायर जोडण्याची गळ घातली. चालक हसला. "माही गाडी चोवीस व्होल्टची आहे जी, तुमची बाराची. जोडली तं सारं जळून जाईन. पुढं गेलो का जीप पाठवतो. बाबाजींना तं बसवा इथं."

बाबा हलले नाहीत. "पोराला टाकून जात नाही."

बस गेली. अंधार दाटला. बऱ्याच वेळाने बाबांनी विचारले, "गाडीनं आधी काही सांगितलं नव्हतं का रे?"

सांगितले होते. महिनाभर सकाळी इंजिन कण्हत होते. घड्याळ आपोआप मागे जात होते. मेकॅनिकनेही बजावले होते की इथल्या उन्हात बॅटरीचे पाणी उडते, आतल्या शिशाच्या जाळ्या झिजतात. थंडी फक्त दुखणे उघडे पाडते, जडवतो तो उन्हाळाच.

"मग?"

"बघू म्हटलं."

बाबा काही बोलले नाहीत. त्यांचा हात मात्र नकळत छातीवर गेल्याचे मला अंधुक दिसले.

जीप आली. पेसमेकरवाल्याने या भानगडीजवळ उभे राहू नये, म्हणून बाबांना दूर बसविले. जीपवाल्याने लाल वायर धन टोकांना जोडली. काळीचे एक टोक जीपच्या ऋण टोकाला आणि दुसरे आमच्या इंजिनाच्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्याजवळ ठिणगी नको, म्हणून ही काळजी. इंजिन गुरगुरले. पैसे द्यायला गेलो, तर तो चहापुरतेही घेईना.

दुसऱ्या दिवशी चंद्रपुरात दुकानात गेलो. बाबा हट्टाने बरोबर आले. दुकानदाराने समजावले: सिग्नलला आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी लवकर दगा देते, तिला काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणारी, किंवा निदान मजबूत केलेली पाण्याची बॅटरी हवी. आमच्या गाडीत ती सोय असूनही मागच्या वेळी मी स्वस्तातली साधीच घातली होती! विजेवर चालणाऱ्या मोटारींतही मोठ्या बॅटरीखेरीज ही बारा व्होल्टची धाकटी बहुधा असतेच. ती रुसली की मोठीचेही चालत नाही.

"ही किती वर्षं चालेल?" बाबांनी विचारले.

"आपल्या उन्हात? तीन-चार धरा."

बाबांनी नवी बॅटरी बसेपर्यंत वाट पाहिली. गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. त्यांची किती वर्षं चालते, विचार."

मी फोन लावला. या वेळी 'बघू' म्हटले नाही.