पटावरचे नाव

हातमागाच्या गावात वाढणाऱ्या मुलाला सरकारी शाळेच्या आधी घरचीच एक शाळा लाभलेली असते, आणि येवल्यात तर ती उजाडताक्षणीच भरते. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून वडील मागावर बसलेले, आई आसारीवरचे रेशीम उतरवून घेत असलेली, आजी तुटलेली तार डोळ्यांजवळ नेऊन सांधीत असलेली, हे ज्याच्या नजरेला जन्मापासून सरावलेले, त्याची आणि अंकांची पहिली ओळख पाटीवर होत नाही, धाग्यांत होते. पैठणीच्या पदरावरचा मोर हा ताण्याचे किती धागे उचलले आणि किती सोडले या हिशेबानेच उभा राहतो. त्याच्या पिसाऱ्याचा प्रत्येक रंग वेगळ्या तिल्लीवर भरलेला असतो, आणि एक रंग संपून दुसरा जेथे सुरू होतो तेथे दोन्ही तारा एकमेकींत अडकवल्याखेरीज हात पुढे सरकत नाही.

मी विणकर नव्हे. कचेरीतल्या नोकरीच्या निमित्ताने येवल्यास रुजू झालो, विणकरांच्या गल्लीत भाड्याने बिऱ्हाड केले, आणि यथाकाल माझी कन्या गल्लीतल्या इतर मुलांबरोबर जवळच्या लहानशा प्राथमिक शाळेत जाऊ लागली. दोन खोल्या, पहिली ते चौथीचे वर्ग, एक बाई आणि एक गुरुजी, एवढाच त्या शाळेचा संसार. पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसरीत असे जोडवर्ग. मधले दार बहुधा उघडेच. परिणामी दुसरीत असताना माझी मुलगी अफझलखानाच्या स्वारीची हकीकत चौथीतल्या मुलीच्या ठसक्यात सांगू लागली, आणि चौथीची मुले पहिलीच्या मुलांना बाराखडी गिरवून घेताना मागे पडलेली आपली अक्षरेही नकळत सुधारू लागली. जोडवर्ग हा केवळ शिक्षकांच्या तुटवड्यातून निपजलेला नाइलाज आहे असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही; शिक्षक पुरेसे हवेतच, आणि त्यासाठी भांडलेही पाहिजे. तथापि मोठ्या मुलांनी लहानांचा हात धरणे जेथे दिनक्रमात आपोआप घडते, तेथे मुलाच्या स्वभावाला जे वळण लागते ते वेळापत्रकात एखादा तास घालून लावता येणार नाही, अशी माझी खातरी झालेली आहे.

परंतु त्या शाळेचा खरा गुण मला हजेरीच्या वेळी उमगला. मोठ्या शाळेत गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण पडते आणि काम पुढे चालते. येथे नाव पुकारले आणि उत्तर आले नाही की बाईंचा आवाज थांबे. सगळी खोली त्या रिकाम्या जागेकडे पाही. आणि मधल्या सुटीत, खिचडीची वाटणी उरकली की, बाई पदर सावरून त्या मुलाच्या घराकडे चालू लागत. आमच्या समोरच्या घरातील मुलगी एकदा अशी दोन दिवस आली नव्हती. मागावरचे लुगडे उतरले होते आणि नवा ताणा जुन्याच्या टोकांना जोडण्याचे काम निघाले होते, ज्यात एकेक तार उचलून बोटांच्या चिमटीत पीळ देऊन सांधावी लागते, आणि लहान बोटे मोठ्या बोटांपेक्षा त्यात चपळ चालतात. बाई उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘काय हो, आमची पोरगी कुठे ठेवलीत?’’

‘‘सांधणी काढलीय बाई. उद्या धाडतो तिला.’’

‘‘उद्याचं उद्या. तेराचा पाढा आज आहे. चल गं, हात पूस.’’

त्या ‘आमची’ या शब्दात जो अधिकार होता तो कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात फार जुना, आणि २००९ च्या कायद्याने तर शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा हक्कच ठरवला. पण कायदा उंबऱ्यापर्यंत चालत येतो तो बाईंच्या पायांनी. मुलगी हात पुसून निघाली. तिचे वडील काही बोलले नाहीत. राहिलेल्या तारा त्यांनी स्वतःकडे ओढून घेतल्या.

संक्रांतीचे दिवस मात्र निराळे. भोगी, संक्रांत आणि कर हे तिन्ही दिवस येवल्यात आकाशाचे असतात. गच्च्यागच्च्यांवर हलकडी वाजते, लहानथोर पतंगाची आसारी हाती धरून मान वर करून उभे असतात, आणि त्या दिवसांत पटावरची गैरहजेरी बाई मनाला लावून घेत नसत. चौथ्या दिवशी मुले मांजाने कापलेली बोटे घेऊन येत, तेव्हा हळद लावून देत आणि मग शुद्धलेखनाला बसवीत.

दर वर्षी १३ ऑक्टोबरला येथील मुक्तिभूमीवर माणसांची रीघ लागते. १९३५ साली त्याच दिवशी, येवल्याच्या परिषदेत, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. मुलगी तिसरीत असताना मी तिला तेथे नेले, आणि त्या गर्दीत उभा असता माझे मन मात्र त्याच्या पस्तीस वर्षे मागे, साताऱ्याकडे गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजी यांच्या मुलाचे, म्हणजे बाबासाहेबांचेच, नाव तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या त्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा’ असे नाव आहे. त्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे, आणि बसण्याचे तरटदेखील घरून आणून संध्याकाळी परत न्यावे लागे. पित्याने नाव घातले; शाळेने ते लिहून घेतले; पण ‘आमचा पोरगा कुठे’ असे विचारायला कोणी आले असेल का, हा प्रश्न मला तेथे उभा असताना फार बोचला. रामजींच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचा मी प्रयत्न केला, आणि सकाळी तरटाची गुंडाळी मुलाच्या काखेत देणाऱ्या बापाच्या कल्पनेपलीकडे मला जाववले नाही. मुलीने विचारले, ‘‘बाबा, तरट का न्यायचं? आपल्या शाळेत तर लांब पट्टी आहे, सगळ्यांना पुरते.’’ मी तिला जे खरे ते सर्व सांगितले. वय लहान आहे म्हणून काही झाकले नाही.

गेल्या वर्षी ती चौथी पास झाली. शाळा सोडल्याचा दाखला आणावयास मी गेलो तेव्हा बाईंनी दाखलखारीज रजिस्टर काढले, तिच्या ओळीवर पट्टी ठेवली, आणि वर्तणूक, प्रगती, सोडल्याचे कारण असे रकाने सावकाश भरले. त्याच पानावर वरखाली तिच्या सोबत्यांची नावे होती. पाचवीला ही सारी मुले गावातल्या निरनिराळ्या विद्यालयांत पांगली. माझ्या मुलीच्या तुकडीत आता साठांहून अधिक मुली आहेत. तिचे शिक्षक विद्वान आहेत, प्रयोगशाळा चांगली आहे, आणि तिचे तेथे उत्तम चालले आहे. पण ती तापाने आजारी पडून घरी राहिली त्या आठवड्यात विचारपूस करायला आल्या त्या जुन्या शाळेच्या बाईच. त्यांना समोरच्या मुलीकडून कळले होते.

राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात, असा विचार २०२३ साली शासनाने पुढे मांडला. त्यामागे काटकसरीखेरीज काही शैक्षणिक हेतूही असेल. एकलकोंड्या मुलाला सवंगडी मिळावेत हे कोणास नको आहे? पण ज्या मुलाचे घर मागावर चालते, किंवा पालखेडच्या कालव्याच्या पाण्याची वाट पाहत शिवारात चालते, त्याची शाळा चार कोस दूर नेऊन बसवली, तर त्याच्या गैरहजेरीचा शोध घेत दुपारच्या सुटीत उंबऱ्यापर्यंत चालत कोण येणार? गाडीची व्यवस्था करता येईल, भत्ता देता येईल. त्या चालण्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली होणार, हे मला सांगावे.

समोरच्या विणकरांचा धाकटा मुलगा येत्या जूनमध्ये पहिलीला जाईल. गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस आता गल्लीच्या तोंडाशी येते, आणि त्यांच्या मनाची ओढाताण चालली आहे. परवा त्यांनी माझे मत विचारले. मी एवढेच म्हणालो की दोन्ही शाळा नीट पाहून या, आणि लहान शाळेत जाल तेव्हा हजेरीच्या वेळेला जा. लुगडे उतरले की जातो, असे ते म्हणाले. पदर अजून निम्मा व्हायचा आहे.