गोड द्रवाची परीक्षा

तीन नळ्यांच्या कित्येक जुन्या प्रोजेक्टरांत प्रत्येक नळीचें मुख व भिंग यांमध्यें द्रव भरलेला असतो. तो उष्णता वाहून नेतो व अनिष्ट परावर्तनहि कमी करतो. आमच्या वाशीमच्या घरांतील अशा यंत्राचा द्रव गढूळ होऊन चित्र धुरकट दिसूं लागलें. नातू म्हणाला, ‘आजोबा, मोटारीचा कूलंट घालूं!’ पण तो रंगीत असतो. चित्राचे रंग बिघडतील. म्हणून ग्लायकॉल व ग्लिसरीन यांचें वर्णहीन, निर्मळ मिश्रण जाणत्या कारागिराकडून भरविलें.

मात्र इथिलीन ग्लायकॉल चवीस गोड, तितकेंच विषारी. पोटांत गेल्यास मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. घर लेंकराबाळांचें, तेव्हां उरलेला द्रव सरबताच्या बाटलींत न ठेवतां, चिठ्ठी लावून कुलुपांत ठेविला. चित्र निवळलें खरें; परंतु गृहस्थाची खरी दक्षता त्या कुलुपाचीच होय.