एका टोपलीतलं जेवण

मंगळवार, रात्री.

नाव एअर फ्रायर असलं तरी यात तळणं असं होतच नाही. वर तापणारी कॉइल, तिच्यावर पंखा. खरं तर हा छोटासा ओव्हनच. एवढं ध्यानात आलं की बाकीचं सोपं. गरम वारा सगळीकडून फिरायला हवा, म्हणून टोपली गच्च भरायची नाही.

आजचा बेत: बटाट्याच्या फोडी, फ्लॉवरचे तुरे, पनीर. सगळ्यांना चमचा-दीड चमचा तेल, तिखट, मीठ, गोडा मसाला. पण तिघांना एकदम आत ढकलायचं नाही. बटाटा आधी, १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं. मग टोपली हलवून फ्लॉवर, आणखी सात-आठ. पनीर शेवटची पाच मिनिटं, नाहीतर चिवट होतं. बटाटा धुऊन फडक्यानं कोरडा पुसला तरच कडा खरपूस होतात. ओला गेला तर नुसता वाफवला जातो. फ्लॉवरची टोकं मात्र थोडी करपू द्यावीत, खरी चव तिथेच असते.

कांदाभजीचा नाद सोडावा. पातळ पीठ तापल्या तेलात पडताक्षणी आळतं. इथे ते जाळीतून ओघळतं. भज्यांना कढईच हवी, या बाबतीत आईशी वाद नाही. उलट वाफवलेल्या अळूवड्या, तेलाचा हात फिरवून, यात झकास होतात. रवा लावलेली सुरमईसुद्धा.

घासायला एकच टोपली. तारेची घासणी मात्र लावायची नाही, आतला लेप निघतो.