केबल काढू या का?

मैत्रिणींनो, साडीच्या दुकानात आपण दहा साड्या उलगडायला लावतो आणि अकरावी घेतो. तूरडाळ घेताना दोन दाणे दाताखाली चावून बघतो. पण दर महिन्याला पैसे मागणारी आणि दिवसाचे चार-पाच तास घरात बोलत राहणारी ही टीव्हीची नवी सेवा कोण निवडतं? घरातलं सगळ्यांत लहान माणूस, नाहीतर पुण्या-मुंबईला राहणारा मुलगा. आपल्याला सांगतात, "तुला नाही कळायचं त्यातलं!" न कळण्यासारखं त्यात काही नाही हो. दिवाळीनंतर मी महिनाभर वही घेऊन हिशेब केला, तो तुम्हाला सांगते.

पूर्वी कार्यक्रम केबलच्या तारेतून नाहीतर छपरावरच्या तबकडीतून यायचे, आता इंटरनेटवरून येतात आणि आपल्याला हवे तेव्हा येतात. एवढाच काय तो फरक. मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झालं तेव्हा वाहिनी एकच, निवडायचा प्रश्नच नव्हता. आता दुकानं पुष्कळ, आणि प्रत्येक दुकानातला माल निराळा. ही गोष्ट जाहिरातवाले मोठ्याने सांगत नाहीत. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. म्हणजे केबलवर एका बिलात दिसणाऱ्या दोन मालिकांसाठी इथे दोन दुकानांची वर्गणी भरायची पाळी येऊ शकते. (जिओहॉटस्टार म्हणजे २०१५ साली आलेलं ते हॉटस्टारच. २०२० मध्ये ते डिस्ने प्लस हॉटस्टार झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार. आपलं नाव लग्नात एकदा बदललं तर केवढे कागद करावे लागले होते!)

म्हणून कुठलंही नाव पक्कं करण्याआधी मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर आठवडाभर नोंद ठेवली. कोण, काय आणि किती वाजता. आमच्याकडे माणसं तीन. हे क्रिकेट आणि बातम्या पाहतात. सासूबाईंच्या दोन मालिका, त्याही दोन वेगवेगळ्या वाहिन्यांवर. मी रात्री दहानंतर, ओटा आवरला की, एखादा सिनेमा तुकड्यातुकड्याने. सुट्टीत नातू आला की कार्टून. झालं! शंभर सिनेमे आणि हजार मालिकांच्या जाहिरातीतलं आमच्या उपयोगाचं एवढंच.

चिरंजीवांचं पुण्याहून टुमणं चालू होतं, "आई, केबल काढून टाक. उगाच दुहेरी खर्च." मी म्हटलं, काढायची घाई नको. महिनाभर केबलला हात न लावता राहून बघू. टीव्हीला एक काडी जोडली, नवा रिमोट आला.

सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. जुन्या रिमोटवर त्यांना दोन आकडे पाठ होते. ते दाबले की मालिका हजर. नव्यावर आधी चित्र शोधा, मग आपल्या नावाचा चौकोन, मग एकेक अक्षर जुळवून नाव लिहा. मी लावून द्यायचे, पण मी स्वयंपाकघरात असले की त्या हाक मारायच्या नाहीत. मुलगा म्हणे, आजीला हवी तेव्हा बघता येईल ना! पण त्यांना 'हवी तेव्हा' नकोच होती. सात वाजता देवापाशी दिवा लागला की मालिका, मालिका संपली की मिरजेच्या त्यांच्या बहिणीला फोन. "बघितलंस ना, काय केलं तिनं ते!" दोघींनी एकाच वेळी बघितलेलं असलं तरच त्या फोनला अर्थ. दुसऱ्या आठवड्यात त्या सात वाजता आत जाऊन पडायला लागल्या. "आज डोळे जड झालेत गं," म्हणायच्या. एका शब्दाने तक्रार नाही.

आता सांगा, हे कुठल्या दरपत्रकात लिहिलेलं असतं? घरात एखादीने मागितलं नाही की तिला नकोच आहे, असं सगळे धरून चालतात. आपल्याही बाबतीत हेच होत आलंय.

तेव्हा आमची केबल राहिली. मात्र तिला कात्री लावली. २०१९ पासून वाहिन्या सुट्या निवडून घ्यायची सोय आहे, प्रत्येकीची किंमत वेगळी छापलेली असते. केबलवाल्याला बोलावून यादी समोर ठेवली आणि ज्यांचं तोंडही आम्ही कधी पाहिलं नव्हतं अशा वाहिन्या काढायला लावल्या. बिल बरंच उतरलं. ज्यांना दरमहा काहीच भरायचं नाही त्यांच्यासाठी दूरदर्शनचं फ्री डिश आहे. तबकडी आणि खोक्याचा खर्च एकदाच. आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज नावाचं ॲप काढलं आहे, त्यावर 'रामायण', 'हम लोग' अशा जुन्या मालिका आहेत.

उरलेल्या पैशांत एकच नवी सेवा घ्यायची असं ठरलं. घेताना वाकून बारीक अक्षरं वाचा बरं का! स्वस्त योजना कित्येकदा फक्त मोबाईलवर चालते, टीव्हीवर नाही. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवले तेव्हा १४९ रुपयांची योजना मोबाईलपुरती होती आणि टीव्हीसाठी १९९ पासून पुढे. आजचा दर घेण्याच्या दिवशीच बघावा, तो बदलत असतो. पैसे भरले म्हणजे जाहिराती नाहीत असंही समजू नका. प्राइम व्हिडिओवर जून २०२५ पासून जाहिराती आल्या, त्या नको असतील तर वर आणखी पैसे. मुलाच्या खात्यावर भागवू म्हणाल, तर जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने भारतात जाहीर केलंय की एक खातं एकाच घरापुरतं.

वर्षाची वर्गणी महिन्याच्या हिशेबाने स्वस्त दिसते. पण मोठी बरणी स्वस्त पडली म्हणून आणलेलं लोणचं शेवटी कोण संपवतं? मी महिन्याचीच घेते. सिनेमे पाहून झाले की बंद, पुन्हा दिवाळीत सुरू. इंटरनेटचंही बघा. मोबाईलवरून टीव्हीला जोडाल तर स्वच्छ चित्रासाठी तासाला तीन जीबीपर्यंत लागतात. रोजच्या दीड जीबीत निम्मा सिनेमासुद्धा होत नाही.

आणि एक गोष्ट मी अडून बसून करून घेतली. खातं माझ्या नंबरवर. यांना ते जरा चमत्कारिक वाटलं. "माझा नंबर आहे की!" मी म्हटलं, अहो, तुमच्या फोनवर ओटीपी येतो आणि तुम्ही भाजीबाजारात असता. खरं कारण त्याहून निराळं होतं. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की आपोआप पैसे कापण्याआधी निदान चोवीस तास सूचना यायला हवी. ती ज्याच्या फोनवर येणार, बंद करायचं की नाही ते त्याच्या हातात. आमच्या शेजारणीच्या यजमानांनी ती सूचना न वाचताच पुसून टाकली आणि एका कंपनीने फुकटच्या महिन्यानंतर वर्षाचे पैसे कापून घेतले. भरपाई झाली तिच्या भिशीतून.

खात्यात माझ्या नावाचा वेगळा चौकोनही केला. आधी सगळे एकाच चौकोनात बघायचे, त्यामुळे मला टीव्ही रोज लढाईचे सिनेमे सुचवायचा. आता उघडलं की माझ्या आवडीचंच समोर येतं. अर्धवट राहिलेला सिनेमा काल जिथे थांबला तिथूनच सुरू होतो. हसाल तुम्ही, पण लग्नाला बत्तीस वर्षं झाली, या घरात माझ्या आवडीची नोंद ठेवणारं हे पहिलंच कुणीतरी!

नातवासाठीही तसाच चौकोन आहे, कुलूप लावलेला. २०२१ च्या सरकारी नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर ७+, १३+, १६+ असा वयाचा शिक्का असतो आणि १३+ पासून पुढे कुलपाची सोय द्यावीच लागते. फक्त ते लावायचं काम आपलं. आकडा मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका, तो त्यालाही पाठ असतो.

आता घरात रिमोट दोन झालेत. सासूबाईंच्या रिमोटवर त्यांच्या दोन आकड्यांना मी कुंकवाच्या टिकल्या चिकटवल्या आहेत. हल्ली क्रिकेट असलं की सातला यांची चुळबुळ सुरू होते, पण मालिका संपल्याशिवाय उठायची कुणाची टाप नाही. यांनी सामना मोबाईलवर बघावा असं माझं म्हणणं, दुसरा टीव्ही घ्यावा असं यांचं. तुमच्याकडे सातचा हा पेच कसा सोडवता, ते जरूर कळवा.